परक्या नदीचा शेजारी

गाव सोडताना माणूस भांडीकुंडी बांधतो, तसे आजवर शिकलेलेही सारे बांधून नेतो. नव्या मुलखात गाठोडे सोडले की ध्यानात येते, यातले निम्मे इथे उपयोगाचे नाही. मग दोनच वाटा उरतात : नव्या मुलखाला नावे ठेवायची, नाहीतर पुन्हा पहिलीच्या वर्गात जाऊन बसायचे. रॉडरिक हेग-ब्राऊनने दुसरी वाट धरली. मी जन्मात कधी गळ टाकलेला नाही. तरी या मासेमार लेखकाचे चरित्र मला जवळचे वाटते, ते त्यासाठी.

त्याचा जन्म २१ फेब्रुवारी १९०८ चा, इंग्लंडमधील ससेक्स परगण्यातला. आजोबा चार्टरहाऊस या नामांकित शाळेचे मुख्याध्यापक होते. वडील लष्करात, १९१८ मध्ये फ्रान्सच्या रणभूमीवर ते कामी आले, तेव्हा मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. पुढे तो आईच्या माहेरी, डॉर्सेटमध्ये वाढला. तिथल्या चुनखडीच्या टेकड्यांतून निघणाऱ्या नद्या संथ आणि काचेसारख्या नितळ. त्यांतले ट्राउट मासे धरण्याची इंग्रजी रीत म्हणजे जवळजवळ सोवळ्यातले कर्म! गांडुळाचे आमिष वर्ज्य. आकड्यावर पिसे आणि दोरा गुंडाळून हुबेहूब माशी बनवायची आणि ती पाण्यावर अलगद उतरवायची. मुलगा यात तरबेज झाला. शाळेत मात्र त्याचे जमले नाही. आजोबांनी जी शाळा नावारूपाला आणली, तिनेच नातवाला काढून टाकले.

वसाहतींच्या सरकारी नोकरीत त्याने शिरावे, ही घरच्यांची इच्छा. वय भरेपर्यंत काय करायचे, म्हणून १९२६ मध्ये तो अमेरिकेत सिॲटलला नातलगांकडे गेला आणि लाकूडतोडीच्या तळावर राबू लागला. परवान्याची मुदत संपल्यावर शेजारच्या कॅनडात, व्हँकुव्हर बेटावर पोचला आणि निम्पकिश नदीच्या परिसरात रमला. मध्यंतरी तो लंडनला परतला. १९३१ मध्ये एका सालमन माशाची जीवनकथा सांगणारे त्याचे पहिले पुस्तक निघाले. पण मन त्या बेटावरच होते. त्याच वर्षाच्या अखेरीस तो पुन्हा तिथे गेला. १९३४ मध्ये सिॲटलच्या ॲन एल्मोरशी विवाह झाला आणि कॅम्पबेल नदीकाठी कायमचे बिऱ्हाड थाटले.

ही नदी डॉर्सेटच्या नद्यांची कोणीच लागत नव्हती. डोंगरावरून, घनदाट अरण्यातून धावणारे हे पाणी. मासेही निराळे. अटलांटिकचा सालमन अंडी घातल्यावर कधी कधी जिवंत समुद्रात परततो; इथले पॅसिफिक सालमन अंडी घालून नदीतच मरतात. समुद्रात जाऊन येणारा स्टीलहेड ट्राउट तर ताकदीने भलताच दांडगा. जुनी रीत जशीच्या तशी चालणार नव्हती. हेग-ब्राऊनने प्रत्येक ऋतूत नदी वाचली, माशांचे येणे-जाणे टिपले, या पाण्याला मानवतील अशा माश्या स्वतः बांधल्या. १९३९ मधला 'द वेस्टर्न अँगलर' हा दोन खंडांचा ग्रंथ म्हणजे या नव्या शाळेतला त्याचा अभ्यास. १९४६ मध्ये 'अ रिव्हर नेव्हर स्लीप्स' आले. पुढे वय झाल्यावर तर हा गृहस्थ पोहण्याचा पोशाख चढवून पाण्याखाली शिरू लागला. मासा पकडण्यापेक्षा तो कसा राहतो, हे पाहण्याची असोशी मोठी ठरली होती.

पण नदीवर प्रेम करणे वेगळे आणि तिच्यासाठी गावाचा रोष पत्करणे वेगळे. कायद्याची पदवी नसताना त्याने तीस वर्षांहून अधिक काळ कॅम्पबेल रिव्हर गावात दंडाधिकाऱ्याचे काम केले. शेजाऱ्यांचे गुन्हे, भांडणे त्याच्यापुढे येत. १९५० च्या दशकात स्ट्रॅथकोना उद्यानातील बट्ल सरोवराचे पाणी विजेसाठी चढवण्याची योजना आली, तेव्हा याच माणसाने विरोधाचे निशाण उभारले. ते दशकच धरणांचे होते. वीज आणि रोजगार कोणाला नको असतात? लढाई तो हरला. १९५८ मध्ये धरण झाले आणि सरोवराचे जुने काठ बुडाले.

हरूनही तो तिथेच राहिला, लिहीत राहिला, बोलत राहिला. मला हीच त्याच्या चरित्रातली मोलाची गोष्ट वाटते. जिंकणाऱ्याला गाव आपले म्हणतेच. हरल्यावरही जो गाव सोडत नाही, तो खरा रहिवासी. शाळेने काढून टाकलेला हा मुलगा १९७० मध्ये व्हिक्टोरिया विद्यापीठाचा कुलपती झाला. त्याच वर्षी अमेरिका-कॅनडाच्या संयुक्त सालमन आयोगावर गेला. ऑक्टोबर १९७६ मध्ये कॅम्पबेल रिव्हरमध्येच त्याने देह ठेवला.

पुढे ॲडम्स नदीवरील एका उद्यानाला त्याचे नाव मिळाले. २०१८ मध्ये ते बदलून तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतले, अनेक नद्या अशा अर्थाचे नाव दिले गेले. त्याला याचे वाईट वाटले असते, असे मला वाटत नाही. नदी आपल्या आधीपासून तिथे असते, हे तर तो पहिल्या दिवसापासून शिकत आला होता.