शेठ प्रेमचंद रायचंद

मुंबईत चर्चगेट स्टेशनवर उतरून ओव्हल मैदान ओलांडू लागले, की उच्च न्यायालयाच्या शेजारी घड्याळाचा एक उंच मनोरा दिसतो. हाच राजाबाई टॉवर. उंची २८० फूट. या घड्याळात वेळ पाहणारे पुष्कळ. पण मनोऱ्याच्या पायथ्याशी मुंबई विद्यापीठाचे ग्रंथालय आहे, हे पाहणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असते. या ग्रंथालयासाठी आणि मनोऱ्यासाठी एका कापसाच्या दलालाने पैसे दिले, आणि दिल्यावर वर्षाच्या आतच त्याचे दिवाळे वाजायची वेळ आली, हे तर त्याहूनही थोड्यांना.

तो दलाल म्हणजे शेठ प्रेमचंद रायचंद. जन्म १८३१ सालचा, सुरतेतल्या एका जैन कुटुंबातला. वडील व्यापारासाठी मुंबईस आले आणि मुलाचे शिक्षण तेथेच झाले. मुलगा इंग्रजी शिकला. आज यात कोणाला विशेष वाटणार नाही. पण त्या काळच्या देशी दलालांत इंग्रजी लिहिता-बोलता येणारा माणूस विरळाच. साहेबांच्या पेढ्या आणि देशी बाजार या दोहोंमध्ये सहज वावरणारा हा तरुण विशी-पंचविशीतच पुढे आला.

मग १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला. गिऱ्हाईक वळले ते मुंबईकडे. कापसाचे भाव कित्येक पटींनी वाढले. गाद्या-उशांतला कापूससुद्धा लोकांनी काढून विकला, असे सांगतात. गोविंद नारायण माडगावकरांचे 'मुंबईचे वर्णन' १८६३ सालचे, म्हणजे नेमके या धामधुमीतले. शहरात आलेल्या या पैशाला वाट हवी होती. ती शेअरच्या बाजारात मिळाली. रोज नवी बँक, रोज नवी कंपनी. समुद्र हटवून जमीन करणाऱ्या बॅकबे कंपनीचा पाच हजारांचा हिस्सा पन्नास हजारांच्या घरात गेला. या साऱ्याच्या केंद्रस्थानी प्रेमचंद होते. कोणत्या कंपनीचे हिस्से कोणाला मिळायचे, ते त्यांच्या शब्दावर ठरे. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचे भांडवल असलेली बँक. पण तिच्या कर्जवाटपावरही त्यांचीच छाप होती.

याच भरभराटीत, ऑगस्ट १८६४ मध्ये, त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयाच्या इमारतीसाठी दोन लाख रुपये देऊ केले. दोनच महिन्यांनी आणखी दोन लाख दिले, ते घड्याळाचा आणि घंटांचा मनोरा बांधण्यासाठी. मनोऱ्याला नाव मात्र आपल्या आईचे द्यावे, एवढीच इच्छा. आईचे नाव राजाबाई.

त्या वेळचे विद्यापीठ कसे होते, हे लक्षात घेतले म्हणजे या देणगीचे मोल कळते. १८५७ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ मुख्यतः परीक्षा घेणारी संस्था होती. शिकवणे कॉलेजांत चाले. १८६२ साली पहिले चार बी. ए. बाहेर पडले (त्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते), तेव्हा विद्यापीठाला स्वतःची वास्तूही नव्हती. टाउन हॉलमध्ये काम चाले. अशा संस्थेला आधी ग्रंथालय हवे, हे एका शेअर दलालाला सुचावे, याचे मला नवल वाटते. केवळ नाव हवे असते, तर एखादी धर्मशाळा बांधूनही ते मिळाले असते.

एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतले युद्ध संपत आले. बातमी मुंबईस पोहोचली आणि कापूस कोसळला. वायद्याचे सौदे १ जुलैला पुरे करायचे होते. त्या दिवशी द्यायला पैसे कोणाकडेच नव्हते. कंपन्या बुडाल्या, पेढ्या बुडाल्या, आणि अखेर बँक ऑफ बॉम्बेही बुडाली. सरकारने चौकशी आयोग नेमला. बँकेने दिलेल्या बेसुमार कर्जांत प्रेमचंदांचा हात कसा होता, ते त्यात उघड झाले. त्यांची स्वतःची देणी दोन कोटींवर गेली होती. विधवांच्या ठेवी, कारकुनांची शिल्लक, सारे त्या लाटेत गेले. प्रेमचंदांचे चरित्र लिहिणाऱ्याला हे पान गाळता येणार नाही, आणि चार लाखांच्या देणगीने ते पुसलेही जात नाही.

विद्यापीठाची रक्कम मात्र वाचली. १ मार्च १८६९ रोजी पायाभरणी झाली. आराखडा सर गिल्बर्ट स्कॉट यांचा. हे गृहस्थ हिंदुस्थानात कधी आलेच नाहीत. लंडनमध्ये बसून त्यांनी व्हेनिसच्या धर्तीचे गॉथिक शिल्प कागदावर उतरवले आणि ते कुर्ल्याच्या दगडात उभे राहिले. मनोऱ्यावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातिजमातींचे पुतळे आहेत. ते रावबहादुर मुकुंद रामचंद्र या देशी अभियंत्याने घडवले. नोव्हेंबर १८७८ मध्ये काम पुरे झाले. खर्च साडेपाच लाखांच्या आसपास. १८८० साली ग्रंथालय वाचकांना खुले झाले. वरच्या मजल्यावरच्या लांबलचक वाचनालयात रंगीत काचांतून येणाऱ्या उजेडात वाचत बसण्याची ती जागा.

इमारत मिळाली, तरी ग्रंथसंग्रह काही एका दिवसात झाला नाही. तो देणग्यांनीच वाढला. भडकमकर स्मारक संग्रहातल्या आणि भगवतसिंहजी संग्रहातल्या संस्कृत पोथ्या येथे आल्या; त्यांची वर्णनात्मक सूची गो. वि. देवस्थळी यांनी केली. अरबी, फारसी व उर्दू हस्तलिखितांची सूची १९३५ साली निघाली. कायदेपंडित आसफ फैजी यांनी इस्माइली पंथाची दुर्मिळ हस्तलिखिते दिली, तीही येथेच आहेत. सुरतेच्या जैनाच्या पैशाने बांधलेल्या, साहेबाने आखलेल्या घरात ब्राह्मणांच्या पोथ्या आणि इस्माइलींचे ग्रंथ शेजारी शेजारी राहिले. २०१३ ते २०१५ या काळात इमारतीची आणि तिच्या काचांची डागडुजी झाली.

प्रेमचंदांनी पुढे काय केले? ते पळाले नाहीत. देणेकऱ्यांशी तडजोड केली आणि पुन्हा दलालीला बसले. १८७५ साली शेअर दलालांची संघटना झाली, ती आजच्या मुंबई शेअर बाजाराची जननी; तिच्या संस्थापकांत ते होते. कलकत्ता विद्यापीठालाही त्यांनी दोन लाख दिले होते. त्यातून चालू झालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती पुढे जदुनाथ सरकारांना मिळाली, ज्यांच्या शिवचरित्रावरून आपल्याकडे एवढे वाद झाले. म्हणजे मुंबईच्या कापसाचा एक धागा कलकत्त्यामार्गे पुन्हा महाराष्ट्राच्या इतिहासाला येऊन मिळाला.

राजाबाईंविषयी एक कथा सांगतात. त्या अंध होत्या. जैन रीतीप्रमाणे सूर्यास्तापूर्वी जेवण उरकायचे, म्हणून वेळ कळावी यासाठी मुलाने हे घड्याळ उभारले. कथा खरी असो वा नसो, मुंबईकरांनी ती मनोऱ्याइतकीच जपली आहे. शेठ १९०६ साली वारले. तोवर पाव शतक ते घड्याळ त्यांच्या आईच्या नावाने शहराला वेळ सांगत होते, आणि ज्यांचे पैसे १८६५ मध्ये बुडाले त्यांची मुले-नातवंडे खाली वाचनालयात परीक्षेचा अभ्यास करीत होती.