गुनपेई योकोई: कमी ताकदीच्या मशीनवर जगाला खेळायला लावणारा इंजिनिअर

नव्या कन्सोल गेमचा कुठलाही रिव्ह्यू उघडा. पहिल्या दोन मिनिटांत काय ऐकू येतं? फोर-के, साठ एफपीएस, रे ट्रेसिंग, लोडिंगला किती सेकंद लागले. गेम रेसिंगचा असो, फायटिंगचा असो की पझल, मोजपट्टी तीच. मशीनमध्ये ताकद किती आणि गेमने ती वापरली किती.

गंमत अशी की गेमिंगच्या इतिहासातल्या सर्वांत जास्त खपलेल्या मशीनपैकी एक या मोजपट्टीवर सपशेल नापास झालं असतं. स्क्रीन रंगीत नाही, बॅकलाइट नाही, रॅम फक्त ८ केबी. तुमच्या फोनमध्ये ८ जीबी रॅम असेल तर ती याच्या दहा लाख पट आहे. त्या मशीनचं नाव गेम बॉय. आणि ते ज्यांच्या टीममध्ये तयार झालं, ते इंजिनिअर म्हणजे जपानचे गुनपेई योकोई. आज त्यांच्याबद्दल जाणून घेऊया.

पत्त्यांच्या कारखान्यातला मेंटेनन्स इंजिनिअर

योकोई यांचा जन्म १० सप्टेंबर १९४१ चा, क्योटो शहरातला. तिथल्याच दोशिशा विद्यापीठातून त्यांनी इलेक्ट्रॉनिक्सचं शिक्षण घेतलं आणि १९६५ मध्ये गावातल्याच एका कंपनीत नोकरी धरली. कंपनीचं नाव निन्टेंडो.

पण थांबा, तेव्हाची निन्टेंडो म्हणजे आजची निन्टेंडो नव्हे. १८८९ मध्ये सुरू झालेली ही कंपनी हानाफुदा नावाचे जपानी पत्ते बनवायची. योकोई यांचं काम होतं पत्ते तयार करणाऱ्या मशीन चालू ठेवणं. बिघडलं की दुरुस्त करायचं, नाहीतर बसून राहायचं. कॅम्पसमधून मोठी स्वप्नं घेऊन बाहेर पडलेल्या आणि पहिल्या नोकरीत सपोर्ट टिकिटं सोडवत बसलेल्या कुणालाही ही अवस्था लगेच कळेल.

रिकाम्या वेळात त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी एक खेळणं बनवलं. जिन्याच्या लोखंडी सरकत्या गेटला असतात तशा फुलीफुलीच्या पट्ट्या, एका टोकाला धरायची मूठ, दुसऱ्या टोकाला पकड. मूठ दाबली की हात लांब होतो आणि समोरची वस्तू पकडतो. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या ते नजरेला पडलं. ओरडा बसण्याऐवजी ऑर्डर मिळाली: हे विकायचं प्रॉडक्ट म्हणून तयार कर. १९६६ मध्ये ते ‘अल्ट्रा हँड’ नावाने बाजारात आलं आणि दहा लाखांहून जास्त खपलं. मेंटेनन्सवाले योकोई आता खेळणी डिझाइन करू लागले.

मुरलेलं तंत्रज्ञान

पुढच्या काही वर्षांत त्यांनी जे बनवलं, त्यात एक पॅटर्न दिसतो.

१९६९ चं ‘लव्ह टेस्टर’ बघा. दोन माणसांनी एकमेकांचा हात धरायचा, मोकळ्या हातात एकेक सेन्सर धरायचा, आणि मीटरचा काटा त्यांच्यातलं ‘प्रेम’ दाखवणार. आत होतं काय? अंगातून जाणारा अगदी किरकोळ करंट मोजणारा साधा मीटर. शाळेच्या लॅबमधली वस्तू. पण हात धरायला मिळालेलं निमित्त, ते विकलं गेलं.

किंवा १९७० च्या आसपासच्या प्रकाशाच्या बंदुका. सोलर सेल म्हटलं की आपल्याला वीज बनवणं आठवतं. इथे सोलर सेल निशाण्यावर बसवला होता. बंदुकीतून निघालेला प्रकाश त्यावर पडला की सिग्नल जातो आणि नेम लागला हे कळतं. म्हणजे वीज बनवायची वस्तू सेन्सर म्हणून वापरली.

या पद्धतीला पुढे योकोई यांच्या नावाने ओळख मिळाली. त्यांनी वापरलेल्या जपानी शब्दाचा सरळ अर्थ ‘सुकलेलं’ तंत्रज्ञान असा होतो, पण मराठीत ‘मुरलेलं’ जास्त शोभेल. बाजारात बरीच वर्षं असलेलं, स्वस्त झालेलं, ज्याच्या सगळ्या खोडी माहीत झाल्या आहेत असं तंत्रज्ञान घ्यायचं आणि ते कुणी वापरलं नसेल अशा जागी वापरायचं. नवीन चिपच्या मागे धावायचं नाही.

ट्रेनमधला कॅल्क्युलेटर

सत्तरच्या दशकात जपानमध्ये कॅल्क्युलेटरचं युद्ध चालू होतं. शार्प आणि कॅसिओ एकमेकांपेक्षा छोटे आणि स्वस्त कॅल्क्युलेटर काढत होत्या. त्यामुळे एलसीडी स्क्रीन आणि छोट्या चिप पाण्याच्या भावात मिळू लागल्या.

एकदा बुलेट ट्रेनमध्ये योकोई यांना एक कंटाळलेला नोकरदार दिसला. वेळ घालवायला तो कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसला होता. त्यांच्या डोक्यात विचार आला: मोठ्या माणसाला चारचौघांत, कुणाच्या लक्षात न येता खेळता येईल असं काहीतरी हवं. पुढे योगायोगाने अध्यक्षांची गाडी चालवायची वेळ त्यांच्यावर आली आणि गाडीतच त्यांनी ही कल्पना सांगून टाकली. यामाउची त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये शार्पच्या अध्यक्षांशी बोलले आणि काम सुरू झालं.

१९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आलं. एका मशीनमध्ये एकच गेम, सोबत घड्याळ. पहिला गेम होता ‘बॉल’, चेंडू झेलत राहायचा. पात्राच्या प्रत्येक पोझचा आकार कॅल्क्युलेटरच्या आकड्यांसारखा स्क्रीनमध्ये आधीच ठरलेला असायचा. चिपने फक्त तो चालू-बंद करायचा. एवढ्या साध्या गोष्टीचे चार कोटींहून जास्त नग विकले गेले.

अंगठ्याखालची अधिकची खूण

१९८२ मध्ये ‘डाँकी काँग’ हा आर्केड गेम या छोट्या मशीनवर आणायचा होता. मशीन डबीसारखं मिटणारं. त्यावर जॉयस्टिक लावली तर झाकण बंद होणार नाही. चार वेगळी बटणं लावली तर खेळताना सारखं खाली बघावं लागणार.

योकोई यांनी अधिकच्या खुणेच्या आकाराचं एकच चपटं बटण बनवलं, मध्ये टेकू दिलेलं. डावी बाजू दाबली की उजवी आपोआप वर येते. अंगठा न उचलता आणि खाली न बघता चारही दिशा कळतात. हाच डी-पॅड. १९८३ च्या फॅमिकॉम कन्सोलच्या कंट्रोलरवर तो आला आणि तिथून जगभर गेला.

आपल्याकडे टीव्हीला जोडायचे कॅसेटवाले व्हिडिओ गेम मिळायचे ना, त्यातले बरेचसे फॅमिकॉमच्या नकला होते. घरातल्या ताई-दादाला विचारा, त्या कंट्रोलरवरची अधिकची खूण त्यांना नक्की आठवेल. आणि फोनवर गेम खेळताना काचेवर काढलेल्या बटणांवरून अंगठा घसरतो, तेव्हा योकोई यांनी नेमकी कोणती अडचण सोडवली होती ते कळतं. काचेला उंचसखलपणा नाही, त्यामुळे अंगठा कुठे आहे हे बोटाला कळतच नाही.

एक टीम, अनेक प्रकारचे गेम

योकोई फक्त हार्डवेअरवाले नव्हते. १९८१ च्या मूळ ‘डाँकी काँग’वर तरुण शिगेरू मियामोतो काम करत होते, तेव्हा देखरेख योकोई यांची होती. पुढे त्यांच्या विभागातून एकमेकांशी काही संबंध नसलेले गेम आले. ‘मेट्रॉइड’ (१९८६) हा एकट्याने अनोळखी ग्रह शोधायचा गेम, ‘सुपर मारिओ लँड’ (१९८९) उड्या मारायचा, ‘डॉ. मारिओ’ (१९९०) गोळ्या जुळवायचं पझल, ‘फायर एम्ब्लेम’ (१९९०) डोकं लावून लढायचा. आज रिव्ह्यूमध्ये तुम्ही ‘मेट्रॉइडव्हेनिया’ असा प्रकार वाचता, त्यातला अर्धा शब्द या टीमचा आहे.

गेम बॉय: कागदावर हरलेलं मशीन

२१ एप्रिल १९८९ ला जपानमध्ये गेम बॉय आला. स्क्रीन १६० बाय १४४ पिक्सेलची, फक्त चार छटा. त्याच वर्षी अटारीने ‘लिंक्स’ आणलं आणि १९९० मध्ये सेगाने ‘गेम गिअर’. दोन्हींची स्क्रीन रंगीत, बॅकलाइटवाली. स्पेसिफिकेशन्सची तुलना केली असती तर गेम बॉय तिसरा आला असता.

पण ती रंगीत मशीन सहा पेन्सिल सेल खायची आणि चार-पाच तासांत बंद पडायची. गेम बॉय चार सेलवर दहा तासांहून जास्त चालायचा. अमेरिकेत लिंक्सची किंमत जवळपास दुप्पट होती. शिवाय गेम बॉय खिशात, दप्तरात मावायचा. शाळकरी मुलाला सेल स्वतःच्या पैशाने आणावे लागतात. त्याच्यासाठी बॅटरी हेच सगळ्यात मोठं फीचर होतं.

अमेरिकेत सोबत ‘टेट्रिस’ दिला गेला. पडणाऱ्या ठोकळ्यांना रंगाची गरज नव्हती. या मशीनच्या इलेक्ट्रॉनिक्सचं मोठं श्रेय योकोई यांचे सहकारी सातोरू ओकादा आणि टीमचंही आहे, हे विसरायला नको. दोन गेम बॉय जोडायची केबलही होती. तिचा सगळ्यात भारी उपयोग १९९६ मध्ये ‘पोकेमॉन’ने केला: मित्राशी पोकेमॉनची अदलाबदल. गेम बॉय आणि पुढचा गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८० लाखांहून जास्त विकले गेले.

तोच नियम, उलटा निकाल

आता खरी अवघड गोष्ट. १९९५ मध्ये योकोई यांनी ‘व्हर्च्युअल बॉय’ आणलं. डोळे लावून आत बघायचं थ्री-डी मशीन.

बरेच जण सांगतात की इथे त्यांनी स्वतःचा नियम मोडला. नीट बघितलं तर तसं वाटत नाही. आत लाल एलईडीची एक उभी रांग होती. समोर वेगाने हलणारा आरसा ती रांग डोळ्यासमोरून फिरवायचा आणि पूर्ण चित्र दिसायचं. लाल का? कारण लाल एलईडी जुने, स्वस्त आणि कमी वीज खाणारे होते. निळे आणि हिरवे तेव्हा महाग होते. म्हणजे मुरलेलं तंत्रज्ञान, वेगळ्या जागी. नियम पाळलाच होता की!

तरी मशीन पडलं. ते डोक्यावर बांधता येत नव्हतं, टेबलावर स्टँडवर ठेवून वाकून बघावं लागायचं. खिशात मावत नव्हतं. शेजारी बसलेल्याला काहीच दिसत नव्हतं. डोळे दुखण्याच्या, डोकं दुखण्याच्या तक्रारी आल्या. गेममध्येच ठरावीक वेळाने विश्रांती घ्यायची सोय ठेवावी लागली. सगळे मिळून फक्त २२ गेम आले आणि जेमतेम आठ लाखांच्या आत विक्री होऊन वर्षभरात मशीन बंद झालं.

माझ्या मते योकोई यांच्या आयुष्यातला सगळ्यात महत्त्वाचा धडा इथे आहे. स्वस्त आणि जुनं तंत्रज्ञान हे त्यांच्या यशाचं अर्धंच कारण होतं. दुसरं अर्धं म्हणजे कंटाळलेला प्रवासी, हात धरायला निमित्त शोधणारी जोडपी, सेलचे पैसे मोजणारी मुलं. आधी माणूस दिसला, मग त्याच्यासाठी भाग शोधला. व्हर्च्युअल बॉयमध्ये आरशाची युक्ती जबरदस्त होती, पण ती कुणी, कुठे बसून, किती वेळ वापरायची, याचं उत्तर नव्हतं.

शेवटचं मशीन

जुलै १९९६ मध्ये छोटा, हलका ‘गेम बॉय पॉकेट’ आला आणि ऑगस्टमध्ये योकोई यांनी तीस वर्षांहून जास्त काळची नोकरी सोडली. ‘कोतो’ नावाची स्वतःची कंपनी काढली आणि बंडाईसाठी नव्या हँडहेल्डवर काम सुरू केलं.

४ ऑक्टोबर १९९७ ला होकुरिकू एक्स्प्रेसवेवर त्यांची गाडी एका ट्रकला धडकली. नुकसान बघायला ते खाली उतरले आणि मागून येणाऱ्या दुसऱ्या गाडीने त्यांना उडवलं. वय होतं ५६.

त्यांचं ते मशीन १९९९ मध्ये ‘वंडरस्वान’ नावाने आलं. रंग नाहीत, किंमत कमी, उभं किंवा आडवं कसंही धरा. आणि फक्त एका पेन्सिल सेलवर साधारण ३० तास. सोबत आलेल्या पझल गेमला त्यांच्या आठवणीत ‘गुनपेई’ हे नाव दिलं होतं.

मग रिव्ह्यू कसा वाचायचा?

ग्राफिक्स बघू नका असं अजिबात म्हणणं नाही. रेसिंग गेम अडकत अडकत चालत असेल तर ते सांगायलाच हवं. पण पुढच्या वेळी चार-पाच हजार रुपयांचा गेम घेण्याआधी योकोई यांच्या पद्धतीने तीन प्रश्न विचारून बघा. हा गेम मी नेमका कधी खेळणार, रात्री दोन तास की लोकलमध्ये वीस मिनिटं? हाताला कंट्रोल सवयीचे होतात का, की सारखं बटण शोधावं लागतं? आणि चित्रं साधी केली, चार छटांची केली, तरी मला हा खेळावासा वाटेल का?

ज्या रिव्ह्यूमध्ये या तीन प्रश्नांची उत्तरं मिळतील, तो पूर्ण बघा. बाकीच्यांचा स्कोअर बघून पुढे गेलात तरी चालेल.