तिसरा सोमेश्वर

तिसरा सोमेश्वर (राज्यकाळ : इ.स. ११२६ ते इ.स. ११३८) हा कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा आणि मानसोल्लास या संस्कृत ग्रंथाचा कर्ता होय. अभिलषितार्थचिंतामणी हे त्याच ग्रंथाचे दुसरे नाव. भूलोकमल्ल आणि सर्वज्ञचक्रवर्ती ही सोमेश्वराची बिरुदे होती. त्याची राजधानी कल्याणी म्हणजे आजच्या कर्नाटकातील बीदर जिल्ह्याचे बसवकल्याण. हा मराठी आणि कन्नड दोन्ही भाषा नांदणारा सीमाभाग आहे. लढायांच्या इतिहासात सोमेश्वराच्या वाट्याला थोडीच पाने येतात. मात्र मध्ययुगीन भारतातील राजपुरुष स्नान कसे करी, अंगाला कोणती उटी लावी, महालात कोणता धूप जाळी, याची इतकी तपशीलवार माहिती देणारे ग्रंथ फार थोडे आहेत.

कुल आणि पूर्वपीठिका

सोमेश्वराचा पिता सहावा विक्रमादित्य याने इ.स. १०७६ ते ११२६ अशी पन्नास वर्षे राज्य केले. शककाल बाजूला ठेवून त्याने स्वतःच्या नावाची चालुक्य-विक्रम कालगणना सुरू केली होती. त्याच्या दरबारात काश्मीरहून आलेल्या बिल्हणाने विक्रमांकदेवचरित रचले. हिंदू वारसाहक्काचा आधारग्रंथ ठरलेली मिताक्षरा ही टीका विज्ञानेश्वराने याच राजाच्या छत्राखाली कल्याणीत लिहिली. बिल्हणाच्या काव्यानुसार कऱ्हाटच्या, म्हणजे आजच्या कराडच्या, शिलाहार कुळातील चंद्रलेखा ही विक्रमादित्याची राणी होती. सोमेश्वराची बहीण मैलालदेवी गोव्याच्या कदंब राजा दुसऱ्या जयकेशीला दिली होती. म्हणजे कृष्णाकाठ आणि कोकणपट्टी या दोन्हींशी घराण्याचे सोयरसंबंध होते. विद्या, सत्ता आणि संपत्ती यांनी भरलेले घर सोमेश्वराला आयते मिळाले. आयते मिळालेले राखणे किती कठीण असते, ते त्याच्या कारकिर्दीत दिसते.

राज्यकारभार

गादीवर येताच सोमेश्वराने पित्याप्रमाणेच आपल्या नावाने भूलोकमल्ल वर्ष मोजण्यास आरंभ केला. शिलालेखांत ही गणना आढळते. पुढे आंध्रातील वेंगीचा प्रदेश चोळांकडे गेला. दक्षिणेस होयसळ विष्णुवर्धन नावापुरता मांडलिक राहून आपले बळ वाढवीत होता. सोमेश्वराच्या हयातीत साम्राज्य मोडले नाही. पण त्याच्या मृत्यूनंतर दोन दशकांच्या आतच कलचुरी बिज्जलाने कल्याणीची सत्ता बळकावली. त्या वेळी सोमेश्वराचा पुत्र तिसरा तैलप गादीवर होता.

मानसोल्लास

ग्रंथाचे पाच भाग आहेत. प्रत्येक भागात वीस अध्याय असल्याने त्यांना विंशती म्हणतात. पहिली विंशती राज्य मिळविण्याच्या साधनांची आणि दुसरी मिळालेले राज्य स्थिर करण्याची आहे. तिसरीत राजाचे उपभोग, चौथीत विनोद आणि पाचवीत क्रीडा येतात. ग्रंथातील ज्योतिषगणितासाठी शके १०५१ हे वर्ष आधाराला घेतले आहे. त्यावरून इ.स. ११२९ च्या सुमारास त्याची रचना झाली असे मानतात.

हत्तीची परीक्षा, रत्नांचे दोष, चित्रकला, मासेमारी, पाकक्रिया, नृत्य असे विषय या शंभर अध्यायांत आले आहेत. मराठी वाचकाला त्यातील दोन गोष्टी विशेष जवळच्या वाटतील. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, असा स्पष्ट उल्लेख यात आहे. शिवाय गीतांच्या प्रकरणातील मराठी रचना मराठीच्या अगदी जुन्या ग्रथित नमुन्यांत मोजल्या जातात. ज्ञानेश्वरीहून हा ग्रंथ सुमारे दीडशे वर्षांनी जुना आहे, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदींचे मोल कळते. विक्रमांकाभ्युदय हे पित्याचे चरित्रही सोमेश्वराने लिहिण्यास घेतले होते. ते अपूर्ण अवस्थेतच उपलब्ध आहे.

राजाचा सुगंध

तिसऱ्या विंशतीत वीस उपभोग सांगितले आहेत. घर, वस्त्र, अन्न, वाहन, छत्र, शय्या हे त्यांतले काही. सुगंधासाठी मात्र एकच प्रकरण नाही. स्नान, तांबूल, विलेपन, माल्य, पेयजल आणि धूप अशा सहा उपभोगांत तो विभागला आहे. आज आपण सुगंध म्हणताच डोळ्यांपुढे बाटली येते. सोमेश्वराच्या दिनक्रमात बाटली नव्हती. सकाळपासून रात्रीपर्यंत सुगंधाचे एकावर एक थर चढत जात.

पहिला थर तेलाचा. केतकी, पुन्नाग, चाफा अशा फुलांच्या वासाने भारलेल्या तिळांचे तेल अभ्यंगासाठी सांगितले आहे. या जुन्या पद्धतीत तीळ आणि ताजी फुले यांचे थर रचतात. फुले कोमेजली की बदलतात. तीळ वास शोषून घेतात आणि मग ते घाण्यात घालतात. केतकी म्हणजे आपला केवडा. पुन्नाग म्हणजे उंडी असे सामान्यतः मानतात. दोन्ही झाडे कोकणातल्या खाड्यांच्या काठाने राहणाऱ्यांना नव्याने सांगावी लागत नाहीत. तेलानंतर सुवासिक चूर्णांनी अंग उटायचे आणि केसांना आवळकाठी लावायची. दिवाळीच्या पहाटे घरोघरी होणारे अभ्यंगस्नान हे याच परंपरेतले आहे. राजाला ते नित्याचे होते एवढाच फरक.

दुसरा थर विलेपनाचा, म्हणजे उटीचा. चंदन, कापूर, केशर, कस्तुरी आणि अगरू ही त्यातील प्रमुख द्रव्ये. त्यांचे मिश्रण ऋतुमानाप्रमाणे बदलावे असा दंडक आहे. उन्हाळ्यात थंड गुणाचे चंदन व कापूर, थंडीत उष्ण गुणाचे केशर व कस्तुरी. येथे सुगंध आणि वैद्यक हातात हात घालून चालतात. उटी लावायची ती केवळ दुसऱ्याच्या नाकासाठी नव्हे. शरीर ऋतूशी जुळवून घेण्याचाही तो उपाय होता.

तांबुलातील कापूर आणि कस्तुरी मुखाला वास देत. फुलांच्या माळा गळ्यात व मस्तकावर असत. पिण्याचे पाणीही सुवासिक केलेले असे. दिवस मावळल्यावर धूप. त्याचे चूर्ण, गोळी आणि वात असे तीन प्रकार सांगितले आहेत. गुग्गुळ, राळ, चंदन, जटामांसी, कोष्ठ, कापूर ही त्यातील द्रव्ये. तिसरा प्रकार वाचताना आजची उदबत्ती आठवल्यावाचून राहत नाही.

या साऱ्यात एका गोष्टीची अनुपस्थिती ठळक आहे. गुलाबाचे अत्तर कोठेच नाही. जहांगीर बादशहाच्या आठवणींत त्याच्या शोधाचे श्रेय नूरजहानच्या आईला दिले आहे. म्हणजे ती गोष्ट सोमेश्वरानंतर पाचशे वर्षांची झाली. लग्नसमारंभात मनगटाला अत्तर लावून गुलाबपाणी शिंपडण्याचा जो रिवाज आपण फार प्राचीन समजतो, तो सोमेश्वराला परका वाटला असता.

पौरुष आणि सुगंध

पुरुषाचा सुगंध वेगळा आणि स्त्रीचा वेगळा, ही विभागणी सोमेश्वराच्या ग्रंथात दिसत नाही. हा राजा चाफ्याचे तेल लावतो आणि फुले माळतो. त्याचा सुगंध राजपुरुषाचा ठरतो तो लावणाऱ्याच्या अधिकारामुळे. फुलांचा वास बायकी आणि लाकडाचा मर्दानी, असा भेद तेथे नाही. हा भेद बाजाराने घडविला आणि तो अलीकडचा आहे. पॅरिसच्या उबिगां या पेढीने इ.स. १८८२ मध्ये फुजेर रोयाल हे सुगंधी द्रव्य बाजारात आणले. त्यात कूमारिन हे प्रयोगशाळेत बनविलेले रसायन होते. पुढे पुरुषांसाठी म्हणून विकल्या गेलेल्या कितीतरी सुगंधांचा साचा त्यावरून पडला. भारतात घरोघर माहीत झालेले ओल्ड स्पाइस अमेरिकेत आधी इ.स. १९३७ मध्ये स्त्रियांसाठी निघाले आणि पुरुषांसाठीचे उत्पादन त्याच्या पुढच्या वर्षी आले.

जुन्या पुरुषी सुगंधांचे आकर्षण आज पुन्हा वाढले आहे. त्यामागे आठवणींचा भाग आहेच. पण द्रव्यांचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. जुन्या मिश्रणांत खरे चंदन, खरी कस्तुरी, झाडांवरचे दगडफुलासारखे शेवाळ असे. आता चंदनाची झाडे विरळ झाली. कस्तुरीमृगाला भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि कस्तुरीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक बंधने आहेत. नराच्या पोटाखालील ग्रंथीतून मिळणाऱ्या थोड्याशा कस्तुरीसाठी प्राणी मारला जाई. म्हणून हे संरक्षण योग्यच म्हटले पाहिजे. कृत्रिम कस्तुरीगंध आल्बर्ट बाउर या रसायनज्ञाला इ.स. १८८८ मध्ये स्फोटक द्रव्यांवर काम करताना योगायोगाने सापडला. आज कस्तुरी या नावाने जे विकले जाते ते बहुधा अशा रसायनांच्या कुळातले असते. सोमेश्वराची उटी ग्रंथात वाचता येते, पण तिचा वास जसाच्या तसा पुन्हा घेता येणे आता शक्य नाही.

सुगंधद्रव्यांचा मार्ग आणि कोकण

राजाच्या उटीतील द्रव्ये एका प्रदेशात मिळणारी नव्हती. चंदन दक्षिणेच्या डोंगरांतले, केशर काश्मीरचे, कस्तुरी हिमालयापलीकडची. उत्तम कापूर सुमात्रा आणि बोर्निओ बेटांवरून समुद्रमार्गे येई. अगरू आसामात आणि आग्नेय आशियात होई. कल्याणी समुद्रापासून दूर असल्यामुळे सागरी माल किनाऱ्यावरच्या बंदरांतून आणि सह्याद्रीच्या घाटांतूनच वर जाणार.

अशा बंदरांची परंपरा कोकणात जुनी आहे. पहिल्या शतकातील पेरिप्लस या ग्रीक प्रवासवर्णनात पालेपत्मे नावाचे बंदर येते. काही अभ्यासक ते सावित्री नदीवरील महाडजवळचे पाले मानतात. तेथील बौद्ध लेणी गांधारपाले या नावाने ओळखली जातात. हे नाव गांधारी नदीवरून आले आहे. त्याचा गंधाशी संबंध जोडण्याचा मोह टाळावा. गंधाच्या व्यापाराचा खरा पुरावा घाटमाथ्यावर कार्ल्याला मिळतो. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागासाठी धेनुकाकट येथील सिंहदत्त या गांधिकाने, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याने, दान दिल्याचा लेख कोरलेला आहे. महाडहून पोलादपूरमार्गे पार घाटाने देशावर चढणारी वाटही जुनी आहे. मात्र सोमेश्वराच्या महालातील कापूर नेमका याच वाटेने गेला असे म्हणण्यास आधार नाही.

सोमेश्वराच्या काळात उत्तर कोकणात शिलाहार पहिला अपरादित्य राज्य करीत होता. त्याने याज्ञवल्क्यस्मृतीवर लिहिलेली अपरार्क ही टीका प्रसिद्ध आहे. घाटाच्या वर आणि खाली एकाच वेळी दोन ग्रंथकार राजे असावेत, ही गोष्ट सहसा कोणी सांगत नाही.

राजाच्या उपभोग्य वस्तू हा राज्यव्यवहाराचाच भाग, ही समजूत पुढेही टिकली. महाड तालुक्यातील रायगड ही शिवछत्रपतींची राजधानी. त्यांच्या आज्ञेने तयार झालेल्या राज्यव्यवहारकोशात दुर्ग, शस्त्र, लेखन यांच्या बरोबरीने भोग्यवर्ग हा स्वतंत्र वर्ग आहे.

मूल्यमापन

पराक्रमी पित्याचा विलासी पुत्र, असे सोमेश्वराचे चित्र काही इतिहासलेखनात रेखाटले गेले आहे. वेंगी गेली आणि राजा धुपाचे प्रकार लिहीत बसला, असा त्याचा रोख असतो. हा आक्षेप सर्वस्वी खोटा नाही. विष्णुवर्धनाला वेळीच आवर घालता आला नाही, याची किंमत वंशजांनी मोजली. पण ग्रंथाची मांडणी पाहिली तर आक्षेपाची धार बोथट होते. उपभोगाची विंशती तिसरी आहे. तिच्याआधी राज्य मिळविण्याचे आणि टिकविण्याचे चाळीस अध्याय येतात. पहिल्या विंशतीत असत्य, परद्रोह यांचा त्याग आणि अनाथांचे पोषण यांना स्थान आहे. उपभोग हे स्थिर राज्याचे फळ, असा क्रम लेखकाने स्वतःच लावला आहे. त्याच्या साम्राज्यात तो क्रम टिकला नाही, हे खरे. तरी विक्रमादित्याच्या दिग्विजयातील मुलूखही पुढे हातचा गेलाच. दोन्हींपैकी अधिक काळ टिकले ते सोमेश्वराचे लिखाण.

भारतीय गंधशास्त्राच्या अभ्यासात मानसोल्लासाचे स्थान वेगळे आहे. सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत गंधयुक्तीचे गणित मांडले. सोळा द्रव्यांतून चार-चार निवडल्यास १८२० मिश्रणे होतात, असा त्याचा हिशेब होता. गंगाधराचा गंधसार हा ग्रंथ कारागिराच्या उपयोगाचा आहे. सोमेश्वर मात्र सुगंध लावणाऱ्याच्या बाजूने लिहितो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे क्युरेटर परशुराम कृष्ण गोडे (१८९१–१९६१) यांनी विसाव्या शतकात या ग्रंथांकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. गोडे मूळचे कोकणातल्या देवरुखचे. गंधसाराच्या हस्तलिखिताबरोबर त्यांना गंधवाद हा ग्रंथ मराठी टीकेसह आढळला. सुगंध तयार करण्याच्या विद्येवर मराठीत झालेले हे जुने लेखन मराठीच्या विद्यार्थ्यांना आजही फारसे माहीत नाही.

ग्रंथाच्या आवृत्त्या

मानसोल्लासाची ग. के. श्रीगोंदेकर यांनी संपादित केलेली आवृत्ती बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत तीन खंडांत निघाली. हे खंड १९२५, १९३९ आणि १९६१ या वर्षी प्रसिद्ध झाले. म्हैसूर येथून अभिलषितार्थचिंतामणी या नावाने ग्रंथाचा पहिला भाग १९२६ मध्ये प्रकाशित झाला. सुगंधाशी संबंधित उपभोगांचे अध्याय बडोदे आवृत्तीच्या दुसऱ्या खंडात आहेत.