केसाच्या आधाराने ओलावा मोजणारा शास्त्रज्ञ

परदेशात हौस म्हणून साप पाळणाऱ्यांच्या काचपेटीत एक छोटी तबकडी हमखास दिसते. पेटीतील हवा किती दमट आहे, हे तिचा काटा सांगतो. आफ्रिकेतील बॉल पायथन या अजगराला साधारण ६० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता मानवते. हवा फार कोरडी झाली तर त्याची कात तुकड्यातुकड्यांनी निघते आणि डोळ्यांवर चिकटून राहते. हवा सतत ओली आणि कोंदट राहिली तर त्वचेचे व श्वसनाचे विकार जडतात. तबकडीचा काटाच चुकत असेल, तर पाळणाऱ्याला हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. मग त्या काट्यावर विश्वास ठेवायचा तरी कशाच्या बळावर? या प्रश्नाला अठराव्या शतकात जिनिव्हाच्या एका शास्त्रज्ञाने पद्धतशीरपणे हात घातला. त्यांचे नाव ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर.

सोस्यूर यांचा जन्म १७ फेब्रुवारी १७४० रोजी जिनिव्हाजवळील काँश येथे झाला. निसर्गशास्त्रज्ञ शार्ल बोने हे त्यांच्या मावशीचे पती. त्यांच्या सहवासात वनस्पतींच्या अभ्यासाची गोडी लागली आणि वयाच्या अवघ्या बाविसाव्या वर्षी, १७६२ मध्ये, सोस्यूर जिनिव्हाच्या अकादमीत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले. तथापि त्यांचे मन खरे रमले ते आल्प्स पर्वतात. १७६० मध्ये शामोनीच्या खोऱ्यातून त्यांनी माँ ब्लाँ हे शिखर पाहिले आणि तेथवर जाण्याची वाट शोधून काढणाऱ्याला बक्षीस जाहीर केले. पुढील २७ वर्षे त्या शिखराने त्यांची पाठ सोडली नाही.

पर्वतात हिंडताना त्यांना एक उणीव सतत जाणवत होती. हवेचा दाब वायुभारमापकाने कळे, उष्णता तापमापकाने कळे. ओलाव्याला मात्र भरवशाचे माप नव्हते. दोर, लाकूड, हस्तिदंत अशा ओल शोषणाऱ्या वस्तूंपासून मापके बनत असत. पण एकाचा आकडा दुसऱ्याशी जुळत नसे. सोस्यूर यांनी माणसाचा केस निवडला. सोड्याच्या पाण्यात उकळून त्याचा तेलकटपणा काढला की तो दमट हवेत लांबतो आणि कोरड्या हवेत आखडतो. हा फरक एकूण लांबीच्या दोन-अडीच टक्क्यांइतकाच असतो. परंतु केसाचे एक टोक बारीक आसाभोवती गुंडाळले, की तेवढ्यानेही काटा ठळकपणे फिरतो.

त्यांचे खरे श्रेय मात्र केसापेक्षा कसोटीत आहे. पाण्याने भिजवलेल्या काचेच्या हंडीखाली यंत्र ठेवून त्यांनी ओलाव्याची कमाल खूण ठरवली. ओल शोषून घेणाऱ्या क्षारासोबत बंदिस्त ठेवून कोरडेपणाची खूण ठरवली. त्या दोन खुणांच्या दरम्यान शंभर अंश पाडले. त्यामुळे एक यंत्र दुसऱ्याशी ताडून पाहणे शक्य झाले. हे सर्व संशोधन १७८३ मध्ये त्यांच्या आर्द्रतामापनावरील ग्रंथात प्रसिद्ध झाले.

त्यावर वादही झडला. मूळचे जिनिव्हाचेच, पण इंग्लंडमध्ये स्थायिक झालेले झाँ-आंद्रे देल्यूक यांनी देवमाशाच्या तोंडातील बालीनपट्टीचे मापक पुढे केले आणि केसावर अविश्वास दाखवला. सोस्यूर यांनी १७८८ मध्ये लेख लिहून आपल्या यंत्राची बाजू मांडली. आक्षेपांत काहीच तथ्य नव्हते, असे मात्र नाही. केसाची वाढ ओलाव्याच्या सरळ प्रमाणात होत नाही. म्हणूनच पुढे गे-ल्यूसॅक यांना त्याच्या अंशांचे खऱ्या आर्द्रतेत रूपांतर करणारा तक्ता तयार करावा लागला. तरीही केसाचे मापक टिकले आणि विसाव्या शतकातही ते हवामान खात्यांच्या वेधशाळांतून काम करीत होते.

दरम्यान, ८ ऑगस्ट १७८६ रोजी जाक बाल्मा आणि डॉ. मिशेल पकार माँ ब्लाँवर पोहोचले. पुढच्याच वर्षी, ३ ऑगस्ट १७८७ रोजी, १८ वाटाड्यांसह सोस्यूर स्वतः शिखरावर उभे राहिले. विरळ हवेत धाप लागत असतानाही त्यांनी सुमारे साडेचार तास मोजमापे घेतली. त्यांच्या केसाच्या मापकाने तेथील हवा खालच्या खोऱ्यांपेक्षा कितीतरी कोरडी असल्याचे दाखवून दिले. १७८८ मध्ये कोल द्यु जेआँ या उंच खिंडीत मुलासह त्यांनी दोन आठवड्यांहून अधिक काळ मुक्काम केला आणि निरीक्षणे नोंदवली.

अखेरची वर्षे कष्टाची गेली. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत गुंतवलेली संपत्ती बुडाली. १७९४ मध्ये पक्षाघाताने शरीर खचले. तशाही अवस्थेत आल्प्सच्या प्रवासांवरील ग्रंथाचे चार खंड त्यांनी १७९६ मध्ये पूर्ण केले. २२ जानेवारी १७९९ रोजी जिनिव्हात त्यांचे निधन झाले. आधुनिक भाषाशास्त्राचे प्रवर्तक आणि संस्कृतचे अभ्यासक फर्दिनां द सोस्यूर हे त्यांचेच पणतू.

भारतात देशी साप घरी पाळण्यास १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने मनाई आहे. मात्र परवानगीने विदेशी साप पाळणारे असोत वा प्राणिसंग्रहालयाचे कर्मचारी, सोस्यूर यांची कसोटी दोघांनाही उपयोगी आहे. आजच्या डिजिटल मापकात केसाऐवजी विद्युत संवेदक असतो आणि स्वस्त तबकडीपेक्षा तो सहसा अधिक अचूक ठरतो. पण तोही काळाने चुकू लागतो. त्यासाठी बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन ते विरघळणार नाही इतपत पाण्याने ओले करावे आणि मापकासह हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवावे. नेहमीच्या तापमानाला आत ७५ टक्के आर्द्रता तयार होते. काटा तेथून जितका ढळेल, तितका फरक पुढच्या वाचनात धरावा. फार ढळला तर मापक बदलावे. मापक दिव्याखाली किंवा पाण्याच्या भांड्याशेजारी न ठेवता साप वावरतो त्या जागी ठेवावे. किंमत किंवा चकचकीत आकडा हा भरवशाचा पुरावा नव्हे. ज्ञात मापाशी ताडून पाहिलेले यंत्रच खरे, एवढा धडा सोस्यूर यांनी घालून दिला आहे.