कर्नल नायडू आणि पंचवीसची सरासरी

फलंदाज थोर कशाने ठरतो, हा विषय माळव्यातील जुन्या मराठी घरांतून निघाला की दोन पक्ष पडतात. आमचे बागलीचे घरही त्यास अपवाद नव्हते. बागलीचा ठिकाणा शिंदेशाहीच्या छत्राखालचा. पण क्रिकेटपुरती आमच्या घराची निष्ठा सरळ इंदूरास, होळकर संघास वाहिलेली. आजोबा कर्नल सी. के. नायडू यांचे, तर थोरले काका विजय हजारे यांचे. काकांचा आधार आकड्यांचा होता आणि तो लटका नव्हता. सांगलीच्या हजाऱ्यांची कसोटीतील सरासरी ४७.६५; १९४८ साली ॲडलेडला ब्रॅडमनच्या संघाविरुद्ध दोन्ही डावांत शतके. नायडूंच्या नावावर सात कसोट्या, ३५० धावा आणि सरासरी नेमकी २५. वहीत पाहिले तर वाद तेथेच मिटावा.

पण ती वही उघडली तेव्हा नायडू छत्तीस वर्षांचे होते, हे काका सोयीस्करपणे विसरत. ३१ ऑक्टोबर १८९५ रोजी नागपुरात जन्मलेला हा गडी १९१६ पासून मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंकडून खेळत होता. १९२३ मध्ये होळकरांनी त्यांस इंदूरला आणून आपल्या फौजेत हुद्दा दिला. हिंदुस्थानला कसोटीचे दार उघडले ते १९३२ साली. ते उघडण्यास नायडूंचा हात लागला होता, असे माझे मत आहे. डिसेंबर १९२६ मध्ये गिलिगनच्या एम. सी. सी. संघाविरुद्ध मुंबईच्या जिमखाना मैदानावर त्यांनी दोन तासांच्या आत १५३ धावा कुटल्या. त्यांत अकरा षटकार होते. साहेबाच्या गोलंदाजीपुढे आपण मान खाली घालून उभे राहावयाचे, ही समजूत त्या दुपारी बरीचशी मोडली. अशा गोष्टीसाठी धावफलकात रकाना नसतो.

लॉर्ड्सच्या त्या पहिल्या कसोटीत पोरबंदरचे महाराज बाजूस राहिले व नेतृत्व नायडूंकडे आले. क्षेत्ररक्षणात हाताला इजा झाली असतानाही पहिल्या डावातील संघाच्या सर्वाधिक धावा, चाळीस, त्यांच्याच होत्या. १९३६ च्या दौऱ्यात नेतृत्व विजयनगरमच्या महाराजकुमारांकडे गेले, संघात तट पडले. तरी ओव्हलवर ॲलनचा चेंडू बरगडीवर बसल्यावरही नायडूंनी ८१ धावा काढल्या. कसोटीत त्यांच्या सर्वाधिक धावा याच. त्यानंतर त्यांना कसोटी मिळाली नाही.

स्वभावाने ते गोड नव्हते. शिस्त लष्करी, बोलणे तुटक. बरोबरीचे काही खेळाडू त्यांच्यावर मनातून रुष्ट असत, आणि त्यात सगळा दोष त्या खेळाडूंचा होता असे मी म्हणणार नाही. परंतु याच शिस्तीवर होळकर संघ उभा राहिला. १९४४-४५ पासूनच्या नऊ मोसमांत तो आठ वेळा रणजी करंडकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला व चार वेळा जिंकला. १९४५-४६ च्या अंतिम सामन्यात बडोद्याविरुद्ध कर्णधाराने स्वतः २०० धावा काढल्या, वय पन्नास! पुढच्याच वर्षी बडोद्याने उट्टे काढले. गुल महंमद ३१९, हजारे २८८, दोघांची भागी ५७७ धावांची, आणि क्षेत्ररक्षण करीत उन्हात उभे होते ते नायडूंचे होळकर. काका हा सामना दर दिवाळीला सांगत.

आजोबांचे उत्तर १९५१-५२ च्या मोसमातले असे. मुंबईविरुद्ध दत्तू फडकरांचा उसळता चेंडू नायडूंच्या तोंडावर बसला, दात पडले. छप्पन्न वर्षांच्या या गृहस्थांनी खेळपट्टीवरचे दात बाजूस सारले, मैदान सोडण्यास नकार दिला आणि खेळ पुढे चालू केला. हजाऱ्यांचे तंत्र अधिक निर्दोष होते, हे मला मान्य आहे. दिवसभर उभा राहणारा फलंदाज हवा असेल तर मीही हजाऱ्यांनाच निवडीन. तथापि ज्याला पाहून मागाहून येणाऱ्याची भीती जाते, तो फलंदाज मला वरचा वाटतो, आणि या मापाने मी आजोबांच्या पक्षाचा आहे.

१९५६ साली त्यांस पद्मभूषण मिळाले. त्याच मोसमात, एकसष्टाव्या वर्षी, ते उत्तर प्रदेशाकडून रणजी सामने खेळले. प्रथम श्रेणीचा शेवटचा सामना १९६३-६४ मधला, वय अडुसष्ट. १४ नोव्हेंबर १९६७ रोजी इंदुरातच त्यांचा अंत झाला.