काऊचे घर आणि हॉर्नबींच्या पट्ट्या

परवा नातीला काऊ-चिऊची गोष्ट सांगत होतो. मुसळधार पावसात काऊचे शेणाचे घर वाहून गेले, इथपर्यंत आलो आणि बाईसाहेबांनी गोष्ट अडवली. चिऊच्या दारात ताटकळण्यापेक्षा काऊला आपणच पक्के घर बांधून द्यायचे, असा हुकूम सुटला. रिकाम्या काड्यापेट्या, आइस्क्रीमच्या काड्या, डिंक असा सरंजाम जमला. घर उभे राहिले. मग ते मोरीत नेऊन तिने त्यावर तांब्याभर पाणी ओतले. घर आडवे! माझा हात दुरुस्तीसाठी पुढे झाला, पण मी तो आवरला. मला फ्रँक हॉर्नबी आठवले.

भोकांच्या पट्ट्या नट-बोल्टने जोडून तुमच्यापैकी अनेकांनी लहानपणी क्रेन केली असेल. त्या ‘मेकॅनो’चे हे जनक. जन्म १८६३ सालचा, लिव्हरपूलचा. मांस आयात करणाऱ्या एका पेढीत ते हिशेब लिहीत. इंजिनिअरिंगची पदवी नव्हती. होते ते गोष्टींचे वेड. सॅम्युएल स्माइल्स यांच्या ‘सेल्फ हेल्प’मधल्या धडपड्या संशोधकांच्या कथांनी लहानपणीच त्यांना झपाटले होते. त्या भरात ते कधीही न थांबणारे यंत्र करायला बसले. असे यंत्र निसर्गनियमातच बसत नाही, तेव्हा ते झाले नाही. पण हातांना लागलेली सवय सुटली नाही.

पुढे रोलंड आणि डग्लस या आपल्या मुलांसाठी ते पत्र्याचे पूल, गाड्या, क्रेन करू लागले. प्रत्येक खेळण्याला नवे भाग कापावे लागत. एकच भाग पुलातही बसला आणि क्रेनमध्येही, तर? उत्तर सापडले ते अगदी साधे. अर्धा इंच रुंद पट्ट्या आणि अर्ध्या-अर्ध्या इंचावर भोके. पुलाचा कंटाळा आला की तो सोडवायचा आणि त्याच पट्ट्यांची क्रेन करायची. पेटंटसाठी त्यांनी मालकाकडून ५ पौंड उसने घेतले आणि १९०१ मध्ये आपल्या शोधाचे पेटंट मिळवले. ‘मेकॅनो’ हे नाव १९०७ चे. १९१६ पासून ‘मेकॅनो मॅगझिन’ निघू लागले. खऱ्याखुऱ्या पुलांच्या, यंत्रांच्या हकिगती मुलांनी त्यात वाचाव्यात आणि मग स्वतः करून पाहावे! १९३४ मध्ये मँचेस्टरला डग्लस हार्ट्री आणि आर्थर पोर्टर यांनी तर मेकॅनोचे भाग वापरून गणिती समीकरणे सोडवणारे यंत्र उभारले. १९३६ मध्ये हॉर्नबी गेले.

आता एक कबुली. माझ्या मुलाला मी हौसेने असाच संच आणून दिला होता. पुस्तिकेत क्रेन होती. त्याने भलतेच काहीतरी केले, पायांची गाडी म्हणे. मी ती सोडवली आणि चित्राबरहुकूम क्रेन करून दाखवली. क्रेन सुरेख झाली. दुसऱ्या दिवशी खोके माळ्यावर गेले, ते पुन्हा खाली आले नाही. मोडलेले पुन्हा जोडता यावे म्हणूनच त्या माणसाने पट्ट्यांना भोके पाडली होती, हे मला उमजायला नात यावी लागली.

यंदा तिने घराखाली चार खांब लावले आहेत. छपराला उतार आहे, त्यावर दुधाची पिशवी ताणून बसवली आहे. एक कोपरा अजून गळतो. मला तो दिसतो आहे, पण मी बोलत नाही. तिने पुन्हा तांब्या मागितला आहे.