किहीमचा पावसाळा

१९३० साली सलीम अली जर्मनीहून मुंबईला परतले, तेव्हा बर्लिन येथे एर्विन स्ट्रेसमान यांच्या हाताखाली घेतलेले पक्षिशास्त्राचे उत्तम शिक्षण त्यांच्या गाठीशी होते. नोकरी मात्र नव्हती. प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममधील मार्गदर्शक व्याख्यात्याचे त्यांचे पद निधीअभावी रद्द झाले होते. विद्यापीठाची पदवी नसल्याने सरकारी प्राणी सर्वेक्षण संस्थेचे दार त्यापूर्वीच बंद झालेले. वय चौतिशीकडे झुकलेले. अखेर पत्नी तेहमिना यांच्यासह त्यांनी अलिबागजवळच्या किहीम गावी बिऱ्हाड हलवले.

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेल्या आणि अगदी लहानपणीच पोरके झालेल्या सलीम यांना मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी वाढवले. छर्ऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावरील पिवळा ठिपका पाहून हा मुलगा बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीत चौकशीला गेला, ही हकीकत सर्वश्रुतच आहे. किहीमची हकीकत त्या मानाने कमी सांगितली जाते.

तेथे घरापासून हाकेच्या अंतरावर सुगरणींची वसाहत होती. रिकामपण तर भरपूर होते. त्या पावसाळ्यात सलीम अली आडोशाला बसून दिवसच्या दिवस एकेका घरट्याची नोंद ठेवू लागले. येथे बंदुकीचे काही काम नव्हते. हवी होती ती चिकाटी आणि वही.

मराठीने या पक्ष्याला सुगरण हे स्त्रीलिंगी नाव दिले, बहिणाबाईंच्या कवितेतही खोपा टांगते ती सुगरणच. पण प्रत्यक्षात विणकर असतो तो नर. गवताच्या, पात्यांच्या चिरोट्या काढून तो घरटे अर्धे विणतो. मग माद्या येतात, आत शिरून पाहणी करतात. एखादीला घर पसंत पडले, तर ती तेथे राहते आणि नर पुढची नळी विणून काम पुरे करतो. ती अंडी उबवू लागली, की हा गृहस्थ शेजारीच दुसऱ्या घरट्याला हात घालतो, दुसऱ्या मादीसाठी! पसंत न पडलेली घरटी तशीच लोंबत राहतात. अर्धवट घरट्यांविषयी लोकांत नाना समज होते. त्यांचा उलगडा या नोंदींतून झाला. १९३१ मध्ये सोसायटीच्या नियतकालिकात हा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि बेकार सलीम अलींचे नाव अभ्यासकांत झाले.

नोकरी त्यानेही मिळाली नाही. मग त्यांनी निराळाच मार्ग काढला. संस्थानांनी केवळ मुक्कामाचा खर्च द्यावा, पक्ष्यांची पाहणी आपण विनावेतन करू, असा तो प्रस्ताव होता. हैदराबादपासून सुरुवात झाली. राहुट्यांतल्या त्या संसारात तेहमिना बरोबर असत. विलायतेत शिकलेल्या या बाईंनी रानातली गैरसोय आपलीशी केली. १९३९ मध्ये शस्त्रक्रियेनंतर त्या वारल्या.

सलीम अलींना पुढे पद्मविभूषण मिळाले, राज्यसभेचे सदस्यत्वही लाभले. २० जून १९८७ रोजी नव्वदाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. ज्या पुस्तकाने घरोघरी पक्षिनिरीक्षक घडवले, ते ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्‌स’ १९४१ साली निघाले. ते पाहायला तेहमिना नव्हत्या.